पुन्हा चालणाऱ्या रॉकेट इंजिनाची चौथाई प्रतिकृती : डिचोलीच्या शेडमधल्या कामाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

माप ठरलं. अंतराळ शटलच्या आरएस-२५ इंजिनाची चौथाई प्रतिकृती करायची. खरं इंजिन साधारण ४.३ मीटर उंच, नॉझलचं (ज्वाळा बाहेर पडते त्या घंटेच्या आकाराच्या भागाचं) तोंड बाहेरून २.४ मीटर. आपलं होईल १०७ सेंमी उंच आणि ६० सेंमी रुंद. मुलांना अर्ध्या मापाचं हवं होतं, पण ते शाळेच्या दारातून आत गेलं नसतं. पेडणे, सत्तरी, डिचोली या गोव्यातल्या तालुक्यांतल्या मराठी शाळांत टेम्पोतून न्यायचं आहे, म्हणून चौथाई.

हेच इंजिन का, हे पुढे कोणी करायला घेतलं तर विचारणारच. माणसं घेऊन गेलं, परत आलं, उघडून तपासलं आणि पुन्हा माणसं घेऊन गेलं, असा द्रव-इंधन इंजिनाचा सर्वांत मोठा अनुभव याच्याच नावावर आहे. पहिलं शटल १९८१ साली आजच्याच तारखेला उडालं, शेवटचं जुलै २०११ मध्ये. एकूण १३५ उड्डाणं, प्रत्येकात तीन इंजिनं. कल्पना चावला दोन्ही वेळा याच इंजिनांवर वर गेल्या. २००३ चा अपघात इंजिनामुळे झाला नव्हता. टाकीवरून सुटलेल्या फोमच्या तुकड्याने डाव्या पंखाला भोक पाडलं होतं. मुलं हे हमखास विचारतात, त्यामुळे तक्त्यावर लिहायचं.

मी बरीच वर्षं बार्जची डिझेल इंजिनं उघडली आणि बसवली. त्यामुळे या इंजिनात मला ओढ आहे ती ज्वाळेपेक्षा ज्वाळा विझल्यानंतरच्या कामाची. प्रतिकृतीतही तेच दाखवायचं ठरवलं आहे : गळा, म्हणजे दहनकक्ष आणि घंटा यांच्यामधला अरुंद भाग, थंड कसा राहतो, एकाच दांड्यावर ऑक्सिजन आणि गरम वायू वेगळे कसे राहतात, आणि बिघडलं तर इंजिन स्वतःहून कसं थांबतं.

अटी लिहून भिंतीवर लावल्या. इंधन नाही, आग नाही, दाबाची टाकी नाही. हॉट एअर गन, पाणी आणि १२ व्होल्ट. दर अर्ध्या तासाने, दिवसभर चाललं पाहिजे. ही शेवटची अट विज्ञानाच्या बाईंची. एकदा चालून टाळ्या मिळवणारं मॉडेल त्यांना नको आहे. अंदाजपत्रक ₹३०,०००.

४ मे

घंटेचा साचा. प्लायच्या फळीवर आकाराची कड कापून ती मधल्या पाइपाभोवती फिरवायची आणि ओल्या प्लास्टरला आकार द्यायचा, मूर्तिशाळेत करतात तसंच. गळा ७ सेंमी, तोंड आतून ५७.५ सेंमी. म्हणजे गळ्याच्या साधारण ६७.५ पट क्षेत्रफळ, खऱ्या इंजिनाच्या ६९ पटींच्या जवळपास. गळ्यानंतर लगेच झपकन रुंदावतं आणि पुढे हळूहळू सरळ होतं. हा वळणाचा भाग फळीवर नीट उतरला नाही तर घंटेऐवजी नरसाळं दिसतं. कड कापायला ९ मिमीचा मरीन प्लाय घ्यावा. साधा प्लाय प्लास्टरच्या पाण्याने फुगतो आणि खालची कड दोन-तीन मिमी सरकते.

२५ मे

यंदा मे संपायच्या आतच पाऊस आला आणि फायबरचं काम फसलं.

शिवोलीला होड्या बांधणारे एक दादा मदतीला आले. जूनपासून मासेमारी बंद झाली की होड्या काठावर ओढून दुरुस्तीला लागतात आणि त्यांना डोकं वर काढायला वेळ नसतो, म्हणून घाईने आत्ताच घ्यायचं ठरलं. मेण घासलं, वस्तू साच्यावरून सुटावी म्हणून पीव्हीए लावलं, गेलकोट (रेझिनचा पहिला गुळगुळीत थर) दिला, त्यावर काचतंतूच्या मॅटचे तीन थर. दोन दिवसांनी साच्यावरून काढलं तर आतली बाजू चिकट आणि गेलकोटला सुरकुत्या.

दादांनी हात लावून लगेच सांगितलं : "हवेचा दोष थोडा, प्लास्टरचा जास्त. साचा आतून ओला आहे." प्लास्टर वरून कोरडं लागत होतं, पोटात पाणी होतं. रेझिन तापलं तसा तो ओलावा वर आला.

घंटा टाकून दिली. रेझिन, मॅट मिळून ₹२,४०० गेले. साचा शेडमध्ये ताडपत्रीखाली दोन हॅलोजन लावून वाळवायला ठेवला आहे. वाळला की फ्रेंच पॉलिशचे तीन हात, त्यावर ड्यूको रंग, मग मेण.

११ जून

काम बंद, पाऊस. पण आजची बातमी या वहीत हवी.

शुभांशू शुक्ला यांचं अंतराळ स्थानकाकडे जाणारं अ‍ॅक्सिऑम-४ उड्डाण पुढे गेलं. फाल्कन-९ रॉकेटचा खालचा टप्पा जमिनीवर पेटवून पाहिल्यानंतरच्या तपासणीत द्रव ऑक्सिजनची गळती सापडली. हा टप्पा आधी एकदा उडून परत आलेला आहे. दुरुस्ती होईपर्यंत उड्डाण नाही.

मुलं हिरमुसली. मला मात्र मुलांना दाखवायला याहून चांगली गोष्ट मिळाली नसती. पुन्हा वापरायच्या यंत्रात गळती आत दडून राहिली तर ती पुढच्या फेरीत माणसांसोबत वर जाते. लेथवाले काका ट्रकच्या वॉटर पंपाबद्दल नेहमी सांगतात : "दोन सीलच्या मध्ये खाली भोक असतं ना, ते बुजवायचं नाही. गळलं तर बाहेर दिसायला पाहिजे." तेव्हा आराखडा बदलला. प्रत्येक जोडाखाली पारदर्शक तबक आणि त्यात रंग बदलणारा कागद. कुठलाही जोड आवरणाखाली झाकायचा नाही. देखणेपणा थोडा गेला तरी चालेल.

२६ जून

काल शुभांशू शुक्ला उडाले. दुसरी घंटाही साच्यावरून सुटली, कोरडी आणि काचेसारखी. हार्डनर वजनकाट्यावर मोजून घेतला, टक्का वाढवला नाही. शेडची हवा हॅलोजनने कोरडी ठेवली तेवढं पुरलं. एक चतुर्थांश भाग ग्राइंडरने कापून काढला. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच कापावं, फायबरची धूळ अंगाला दोन दिवस खाजते.

१३ जुलै

तांब्याचा गळा. या भागावर सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

खऱ्या इंजिनात आतली ज्वाळा ३,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इतकी उष्णता तांबं सोडा, पोलादही सोसत नाही. उपाय असा की दहनकक्षाचं अस्तर तांबं, चांदी आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूचं करून त्यात उभ्या वाहिन्या कोरतात आणि जळण्याआधी उणे २५३ अंशांचा हायड्रोजन तिथून फिरवतात. खालची मोठी घंटा तर १,०८० बारीक नळ्या एकमेकींना चिकटवूनच बनते. इंधन आधी भिंत वाचवतं, मग जळतं.

आपण १ मिमी तांब्याचा पत्रा वळवून गळा केला आणि बाहेरून एसीच्या पाव इंची तांब्याच्या २४ नळ्या उभ्या बसवल्या. वर-खाली एकेक कडं, त्यातून सगळ्यांना पाणी. आत २,००० वॉटची हॉट एअर गन.

पहिल्यांदा नळ्या कथलाचा डाग देऊन बसवल्या होत्या, कारण ते घरी जमतं. पाणी चालू असताना सगळं छान. पण पाणी बंद झाल्यावर काय होतं हे दाखवणं हाच तर प्रयोग आहे. पाणी बंद केलं, भिंत २०० च्या पुढे गेली आणि चार नळ्या सुटून खाली आल्या. कथील-शिशाचा डाग १८३ अंशांनाच वितळतो, तेव्हा हे होणारच होतं. म्हापशाच्या एका एसी मेकॅनिककडून सगळ्या नळ्या चांदीच्या काडीने ब्रेझ करून घेतल्या. ₹३,२००. हा खर्च वाचवू नये.

२० जुलै

ब्रेझिंग पक्कं, तरी भिंत एका बाजूला तापते. थर्मामीटर तीनच ठिकाणी, त्यामुळे कळेना कुठे.

उपाय आठवीतल्या एका मुलीने सुचवला : आतून मेणबत्तीचं मेण घासायचं. गन लावली. काही ठिकाणी मेण तसंच राहिलं, काही ठिकाणी उभ्या पट्ट्या वितळून चकचकीत झाल्या. जितक्या पट्ट्या, तितक्या नळ्यांत पाणीच नव्हतं.

कारण दोन. पाणी वरच्या कड्यातून आत सोडलं होतं. ते जवळच्या नळ्यांतून खाली पळत होतं आणि लांबच्या नळ्यांत हवा अडकत होती. शिवाय कडं अर्ध्या इंचाचं, म्हणजे नळ्यांच्या एकूण तोंडापेक्षा अरुंद. कडं एक इंची केलं, पाणी खालून वर चढवलं आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी २ मिमी भोकाची पितळी चकती बसवली, म्हणजे सगळ्या नळ्यांना सारखं मिळतं. खऱ्या घंटेतही हायड्रोजन खालच्या कडेच्या कड्यातून शिरतो आणि नळ्यांतून वर चढतो.

आता कूलरच्या साध्या पंपावर भिंत ४५ अंशांच्या खाली राहते. मेणाची चाचणी प्रत्येक शाळेत सुरुवातीलाच करायची असं ठरलं. मुलांना तीच जास्त आवडते.

१७ ऑगस्ट

टर्बोपंपाचा, म्हणजे गरम वायूच्या टर्बाइनने फिरणाऱ्या पंपाचा, कापलेला नमुना. पंपांचे आकडे सांगितले की लेथवाले काका हातातलं काम खाली ठेवतात. हायड्रोजनचा उच्चदाब पंप मिनिटाला साधारण ३५,००० फेरे, ऑक्सिजनचा २८,०००. आमची मोटर जेमतेम १,५०० वर चालवायची आहे, कारण दाखवायचा आहे तो वेग नाही, मधलं सील.

ऑक्सिजनच्या पंपात एका टोकाला द्रव ऑक्सिजन आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला टर्बाइन. टर्बाइन फिरवणाऱ्या गरम वायूत हायड्रोजन भरपूर. दोघे भेटले तर इंजिन तिथेच संपलं. मध्ये सीलांची रांग असते आणि रांगेच्या मधोमध हेलियम सोडतात. हेलियमचा दाब दोन्ही बाजूंपेक्षा जास्त ठेवला की गळती झाली तरी हेलियम बाहेर जातो, ती दोघं आत येत नाहीत. हा दाब घसरला तर नियंत्रक, म्हणजे इंजिनावरचा संगणक, इंजिन बंद करतो. माणसांच्या यानासाठी मला सगळ्या इंजिनात हीच रचना सर्वांत महत्त्वाची वाटते.

अ‍ॅक्रिलिकची तीन कप्प्यांची पेटी केली. डावीकडे निळं पाणी, उजवीकडे लाल पाणी, मधला कप्पा रिकामा आणि त्यात मत्स्यालयाच्या पंपाची हवा. तिन्हींतून जाणारा १० मिमीचा दांडा, दोन ऑइल सील. मधल्या कप्प्याच्या तळाला भोक आणि खाली तबक.

काय काय बिघडलं :

साध्या पोलादी दांड्याला दमट हवेत आठवड्यात गंज चढला आणि त्या खरखरीत जागेने सीलची ओठं खाल्ली. दांडा स्टेनलेसचा केला, हजार नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, सीलला सिलिकॉन ग्रीस. सील ₹३० चं, दांडा लेथच्या मजुरीसह ₹९००.

मोटर जोरात फिरवली की निळं पाणी मधल्या कप्प्यात यायचं. पंख्याची दाबाची बाजू सीलकडे होती, तिथला दाब मत्स्यालयाच्या पंपापेक्षा जास्त. मोठा हवेचा पंप आणायचा विचार झाला, पण काकांनी पंखाच उलटा बसवला. आता ओढणारी बाजू सीलकडे, दाब दुसरीकडे. एक पैसा लागला नाही.

वीज गेली तेव्हा हवेच्या नळीतून पाणी उलट चढून हवेच्या पंपात गेलं. पंप जळाला. मत्स्यालयवाल्यांकडे ₹१० ची उलट-झडप मिळते, ती आधीच लावावी.

शेवटी हवा थांबली तर मोटरही थांबावी म्हणून जुन्या वॉशिंग मशीनमधला पाण्याच्या पातळीचा प्रेशर स्विच काढून मधल्या कप्प्याला जोडला. भंगारात ₹५० ला मिळाला आणि एकदम चोख चालतो. क्रम पेटीवरच रंगवला : हवा आधी, मोटर नंतर. बंद करताना मोटर आधी, हवा नंतर.

७ सप्टेंबर

चवथीत शेड बंद होती. आज उघडून पाणी सोडलं तर भिंत पुन्हा पट्ट्यापट्ट्यांनी तापली.

ऑनलाइन मागवलेला ₹९०० चा दुर्बीण-कॅमेरा नळ्यांत घातला. चकत्यांची २ मिमीची भोकं तांबूस गाळाने जवळजवळ बुजलेली. आपल्या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह भरपूर असतं. नळ्यांत पाणी तसंच राहिलं आणि आत बुळबुळीत थर धरला. चालू असताना काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते उभं राहून.

शटलच्या इंजिनांनाही उतरल्यावर हे सोसावं लागे, अर्थात लोहाचं नव्हे. हायड्रोजन जळला की पाणीच तयार होतं, आणि तो ओलावा आत राहिला तर पंपांच्या बेअरिंगना घातक. म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर कोरडा गरम नायट्रोजन सोडून इंजिन आतून वाळवत. मग बोअरस्कोप (असाच आत घालायचा दुर्बीण-कॅमेरा) घालून पाती, नळ्या, जोड पाहत. सुरुवातीच्या वर्षांत उच्चदाबाचे पंप उड्डाणानंतर काढून तपासावे लागत. पुढे सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्यांची बेअरिंग असलेले नवे पंप आले, ऑक्सिजनचा १९९५ मध्ये, हायड्रोजनचा २००१ मध्ये, आणि ही उघडझाप बरीच कमी झाली.

आमचं वेळापत्रक आता असं : फक्त आरओचं पाणी. प्रयोग संपला की खालचा कॉक उघडून सगळं पाणी काढायचं, मग हॉट एअर गन कमी तापमानावर ठेवून वरच्या कड्यातून वारा मारायचा, खालून कोरडी हवा येईपर्यंत. कॅमेऱ्याने पाहायचं. वहीत सही. यासाठी खालच्या कड्याला कॉक नव्हताच, तो आता बसवला. ज्या कोपऱ्यातून पाणी पूर्ण निघत नाही असा कोपरा आराखड्यातच ठेवू नये.

१२ ऑक्टोबर

आपोआप बंद होण्याची यंत्रणा. आर्डुइनो हा छोटा संगणक, तांब्यावर तापमान मोजणारे के-जातीचे तीन थर्मोकपल, त्यांचा आकडा आर्डुइनोला देणारी मॅक्स ६६७५ ची पाटी तिन्हींना, ९० अंश झाले की रिले (विजेवर चालणारा स्विच) गन बंद करतो. तिघांपैकी दोघांनी सांगितलं तरच बंद, म्हणजे एक सेन्सर बिघडला तरी प्रयोग अडत नाही. कागदावर उत्तम.

प्रत्यक्षात सीलची मोटर सुरू केली की तिघेही एकदम १४० दाखवत आणि गन बंद पडे. भिंतीला हात लावावा तर गार.

हे वाचताना २९ जुलै १९८५ आठवलं नाही तर नवल. चॅलेंजर हे शटल उडून पावणेसहा मिनिटं झाली होती. मधल्या इंजिनाच्या हायड्रोजन पंपाचं तापमान मर्यादेपलीकडे गेल्याचं दोन सेन्सरांनी सांगितलं आणि संगणकाने ते इंजिन बंद केलं. इंजिन ठणठणीत होतं, सेन्सर बिघडले होते. थोड्या वेळाने उजव्या इंजिनाचा सेन्सरही तसंच दाखवू लागला. जमिनीवरच्या नियंत्रकाने ते ओळखून स्वयंचलित मर्यादा रोखायला सांगितल्या. यान ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत पोहोचलं, पण पोहोचलं. दुसरं इंजिनही बंद पडलं असतं तर सात माणसांची गत कठीण होती. माणसं बसलेल्या इंजिनात बंद होणं जितकं खात्रीचं हवं, तितकंच विनाकारण बंद न होणंही.

आमचं कारण शोधायला बराच वेळ गेला. तिन्ही थर्मोकपलची उघडी टोकं एकाच तांब्याला चिकटलेली. मोटरच्या ब्रशचा विजेचा गोंगाट तांब्यातून तिघांत एकदम जात होता. तीन सेन्सर, पण बिघडायची वाट एकच. अशा तिघांचं बहुमत घेऊन उपयोग काय?

बदल : टोकं कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) तांब्यापासून वेगळी केली. मोटरला वेगळा वीजपुरवठा आणि तिच्या टोकांवर कपॅसिटर. थर्मोकपलच्या तारा मोटरच्या तारांपासून हातभर लांब. आणि मुख्य म्हणजे वेगळ्या जातीचा साक्षीदार, पाण्याचा प्रवाह मोजणारा ₹२०० चा सेन्सर. दोन थर्मोकपल तापले म्हणतात आणि प्रवाहही घटला, तर लगेच बंद. तापमान वाढलं पण प्रवाह ठीक आहे, तर आधी लाल दिवा, आणि दहा सेकंदांनीही तसंच राहिलं तर बंद. या दहा सेकंदांवर बाईंचा आणि माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, मुलं जवळ उभी असतात, ताबडतोब बंद कर. ब्रेझिंग केलेला गळा दहा सेकंदांत काही बिघडू शकत नाही हे मोजून दाखवलं, तेव्हा त्या तयार झाल्या. गनभोवती जाळी मात्र त्यांनी बसवून घेतलीच, आणि ते बरोबर आहे.

१६ नोव्हेंबर

घंटेच्या बाहेर १,०८० नळ्यांच्या रेघा. वरच्या अरुंद भागात दोन रेघांत अर्ध्या मिलिमीटरचंही अंतर उरत नाही. हाताने अशक्य. फलक करणाऱ्या दुकानातून व्हायनलवर छापून घेतलं, फक्त एका चतुर्थांशावर, म्हणजे २७० रेघा. ₹१,४००.

त्यातल्या तीन रेघा लाल आहेत आणि शेजारी एक पिवळी टाचणी टांगली आहे. जुलै १९९९ मध्ये कोलंबिया या शटलच्या उड्डाणात उजव्या इंजिनाच्या इंजेक्टरमधली (इंधन आणि ऑक्सिजन दहनकक्षात सोडणाऱ्या भागातली) सोन्याचा मुलामा दिलेली बारीक पिन सुटली. खराब झालेल्या ऑक्सिजनच्या नळीचं तोंड बुजवायला ती आधीच्या दुरुस्तीत बसवली होती. ती सुटून घंटेवर आदळली, तीन नळ्या फुटल्या आणि हायड्रोजन गळत राहिला. त्याच उड्डाणात सुरुवातीलाच शॉर्ट सर्किट होऊन दोन इंजिनांचा एकेक नियंत्रण-संगणक गेला, प्रत्येकाच्या उरलेल्या संगणकाने काम सांभाळलं. कमांडर होत्या आयलीन कॉलिन्स, शटलच्या पहिल्या महिला कमांडर. यान कक्षेत पोहोचलं. दुरुस्तीसाठी बसवलेली वस्तूच पुढच्या फेरीत सुटू शकते, हे बार्जवर काम केलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. आमच्या प्रतिकृतीत नंतर घातलेला प्रत्येक स्क्रू लाल रंगाने खुणावला आहे आणि प्रत्येक फेरीनंतर तो मोजायचा.

१४ डिसेंबर

पहिली शाळा, पेडणे तालुक्यात. दिवसभर चाललं. दुपारी एकदा लाल दिवा लागला : टाकीतलं पाणीच कोमट झालं होतं. चाळीस लिटर पाण्यात दोन किलोवॉट सतत ओतले तर दुसरं काय होणार. बर्फवाल्याकडून लादी आणली. पुढच्या वेळी ऐंशी लिटरची टाकी.

"आपल्या देशाचं असं इंजिन कधी?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात आला. तक्ता अपुरा होता, घरी येऊन नवा केला. गगनयानाच्या एलव्हीएम-३ रॉकेटवर घन इंधनाचे दोन बूस्टर, मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिनं, वर सीई-२० हे क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाचं) इंजिन. यातलं काहीच परत येत नाही. परत येणारा पहिला टप्पा असलेल्या नव्या रॉकेटला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूत महेंद्रगिरीच्या इस्रो केंद्रात विकास इंजिन ६० सेकंद चालवून, १२० सेकंद थांबवून, पुन्हा ७ सेकंद पेटवलं. उतरणाऱ्या टप्प्याला बंद झालेलं इंजिन पुन्हा पेटवता यावंच लागतं, म्हणून त्या सात सेकंदांचं मोल मोठं. मुलांना हे सांगताना माझा आवाज चढतो असं बाई म्हणतात. चढणारच.

१ मार्च २०२६

काल विज्ञान दिन झाला. आज सगळं उघडलं.

नळ्या कॅमेऱ्यात स्वच्छ. चकत्या स्वच्छ. लाल खुणेचे स्क्रू पूर्ण. निळ्या बाजूच्या सीलचा ओठ झिजला आहे, तबकातल्या कागदावर निळा ठिपका होता त्यावरून आधीच कळलं. सील बदललं, लाल बाजूचंही त्याच वेळी बदलून टाकलं. थर्मोकपलच्या एका स्क्रूवर हिरवट थर, खारी हवा. पेट्रोलियम जेली लावली. व्हायनलची खालची कड टेम्पोच्या हादऱ्यांनी उचलली गेली आहे, ती अजून तशीच.

एकूण खर्च ₹३८,०००च्या थोडा वर गेला. फुकट गेलेली घंटा, कथलाचं काम आणि जळालेला हवेचा पंप धरून. पुन्हा करायचं तर ₹३०,००० मध्ये नक्की बसेल.

सोबत ठेवायचे सुटे भाग : ऑइल सील १०×२२×७ चार, पितळी चकत्या सहा, एक थर्मोकपल, एक प्रवाह-सेन्सर, उलट-झडप, कॅप्टॉन टेप, मेणबत्ती. टेम्पोत घंटा तोंड खाली करून ठेवू नये, कडेवर सगळा भार येतो आणि फायबर चिरतं. गळ्याच्या कड्याला दोरीने अडकवून उभी न्यावी. खालचा कॉक प्रवासात उघडा ठेवावा.

पुढची फेरी वाळपईला. व्हायनल त्याआधी चिकटवायचं आहे.